आरा मुंबईतच राहिले

मुंबईच्या चित्रकलेतलं एखादं वर्ष निवडा म्हटलं तर बहुतेक जण १९४७ सांगतील. देश स्वतंत्र झाला, आणि प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक चित्रकारांचा गटही त्याच वर्षी जुळला. माझं वर्ष मात्र १९४९. ग्रुप जुळला तेव्हा ती मोजक्या मित्रांमधली बोलणी होती. शहराने तो पाहिला जुलै १९४९मध्ये, रॅम्पार्ट रोवरच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात. उद्घाटनाला इंग्रजी लेखक मुल्कराज आनंद होते. काम सहा जणांचं होतं: फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी हौलाजी आरा, हरी अंबादास गाडे आणि सदानंद बाकरे. पाच चित्रकार आणि एक शिल्पकार.

आणि प्रदर्शन झालं न झालं तोच ही मंडळी पांगायला लागली. त्याच वर्षी सूझा बोटीने लंडनला निघून गेले. १९५०मध्ये रझा पॅरिसला गेले, १९५१मध्ये बाकरे इंग्लंडला. ग्रुपची गोष्ट म्हणून आपण जी ऐकत आलो आहोत ती बरीचशी या जाण्याची गोष्ट आहे. कोण कुठे गेलं, तिथे काय सोसलं, कसं नाव काढलं. ती गोष्ट मोठी आहे, त्यात वाद नाही. पण मी जेव्हा जेव्हा १९४९चा विचार करते तेव्हा माझं लक्ष मुंबईतच राहिलेल्या आरांकडे जातं. हे वर्ष त्यांच्या बाजूने पाहिलं की निराळंच दिसतं.

आरांचा जन्म १९१४चा, हैदराबादजवळच्या बोलारमचा. लहानपणीच आई गेली, घर दुरावलं, आणि मुलगा पळून मुंबईत आला. लोकांच्या घरी घरगडी म्हणून राहिला. ऐन पंधरा-सोळाच्या वयात मिठाच्या सत्याग्रहात उतरून तुरुंगात गेला. सुटल्यावर मोटारी धुण्यापुसण्याचं काम धरलं. चित्रं चालूच होती, मिळेल त्या वेळात, मिळेल त्या कागदावर. रूढ अर्थाने कलाशाळेचं शिक्षण असं फारसं नव्हतंच. या माणसाची चित्रं रुडॉल्फ फॉन लायडन यांच्या नजरेस पडली, आणि तिथून त्यांचं आयुष्य वळलं.

हे फॉन लायडन कोण, ते थोडं सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय १९४९ समजत नाही. मूळचे जर्मन, शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ, हिटलर सत्तेवर आला त्या सुमारास मुंबईत आले आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’त चित्रकलेवर लिहू लागले. त्यांच्यासारखेच वॉल्टर लांगहॅमर. व्हिएन्नाचे चित्रकार, पत्नी ज्यू, त्यामुळे १९३८नंतर तिथे राहणं शक्य नव्हतं. इथे ते ‘टाइम्स’चे कला-संचालक झाले. तिसरे इमॅन्युएल श्लेझिंगर, तेही व्हिएन्नाकडूनच आलेले, औषधांचा कारखाना काढणारे आणि हौसेने चित्रं विकत घेणारे. युरोपात जे घडत होतं त्यातून जीव वाचवून आलेली ही माणसं. त्यांच्यातला एक लिहिणारा, एक शिकवणारा, एक विकत घेणारा. एखाद्या शहरात हे तिघं एकाच वेळी, तेही मैत्रीने, असणं हा केवढा योग! नेपियन सी रोडवर लांगहॅमरांच्या घरी रविवारी तरुण चित्रकार जमत. सेझान, मातीस, कोकोश्का या युरोपातल्या आधुनिक चित्रकारांची चित्रं पुस्तकांतून पाहत, आपली चित्रं आणून दाखवत, वाद घालत. (जाता जाता: याच फॉन लायडन यांनी पुढे गंजिफाच्या पत्त्यांचा मोठा संग्रह केला आणि त्यावर अभ्यासपूर्ण लिहिलं. सावंतवाडीची गंजिफा जगापुढे नेणाऱ्यांत या जर्मन माणसाचं नाव घ्यावंच लागतं.)

तेव्हाच्या मुंबईत चित्र लावायचं म्हणजे बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन. संस्था १८८८ची. तिथे चित्र लागलं, पदक मिळालं, की माणूस चित्रकार म्हणून मान्य झाला. जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली ती १९५२मध्ये, म्हणजे या गोष्टीनंतर. त्यामुळे सोसायटीच्या निवड समितीने चित्र परत केलं की ते घरी नेऊन भिंतीला टेकवून ठेवायचं, दुसरं काही करता येत नसे. आरांनी १५ ऑगस्टच्या मिरवणुकीचं एक मोठं चित्र काढून सोसायटीकडे दिलं. ते नाकारलं गेलं. ग्रुप काढायला हाच नकार निमित्त झाला, असं सूझा सांगत.

मला या प्रसंगाशी थांबावंसं वाटतं. ज्याने पोरवयात मिठासाठी तुरुंग पाहिला, त्याने स्वातंत्र्याच्या दिवसाचं चित्र काढलं. ती मिरवणूक त्याच्या हक्काची होती. शहरातल्या लक्षावधी लोकांसारखा तो त्या दिवशी रस्त्यावर होता असं आपण धरून चाललो तरी पुरे. आणि चित्रं निवडणाऱ्यांना ते प्रदर्शनाच्या योग्यतेचं वाटलं नाही. त्यांचे निकष ठरलेले असणार: रेखाटन पक्कं हवं, अवकाश मोजूनमापून हवा, आकृती अभ्यासवर्गातल्या मॉडेलसारखी उभी हवी. आरांचं रेखाटन तसं कधीच नव्हतं. ते शिकून आलेलं नव्हतं, हातातून आलेलं होतं. सूझा आणि रझा त्यांच्या बाजूने उभे राहिले. तिघांनी मग प्रत्येकी एकेक जण आणायचा असं ठरवलं आणि तिघांचे सहा झाले. सूझांना त्याआधी, १९४५मध्ये, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकलेलं होतं. म्हणजे ग्रुपचा पाया घालणाऱ्यांत एकाला शाळेने बाहेर काढलं होतं आणि एकाला शाळेत जायलाच मिळालं नव्हतं.

१९४९चं प्रदर्शन ज्या दालनात झालं ते दालनही त्याच सोसायटीचं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्यांनी दार लावलं त्यांच्याच घरात, दोन वर्षांत, आपल्या अटींवर जाऊन उभं राहायचं. प्रदर्शनासाठी सूझांनी जे लिहिलं त्याचा रोखही तोच होता. आशय आणि तंत्र दोन्ही बाबतींत आम्हाला पूर्ण मोकळीक हवी. बंधन फक्त चित्राच्या आतल्या नियमांचं, म्हणजे आकारांचं एकमेकांशी जमणं, रंगांची मांडणी, यांचं. हा तरुण माणूस किती नेमकं बोलत होता! अमुक विषय घ्या, अमुक शैलीत काढा, असं त्यात काहीच नाही. म्हणूनच सहा जणांची चित्रं एकमेकांसारखी नव्हती आणि तरी ते एकत्र उभे राहू शकले.

आता त्याच वर्षातली दुसरी बाजू. सूझांनी स्वतःचं नग्न आत्मचित्र काढलं होतं. ते १९४९मध्ये एका प्रदर्शनातून उतरवायला लावलं गेलं. अश्लीलतेच्या संशयावरून पोलिसांनी त्यांच्या घराची झडती घेतली. साळगावचा हा गोव्याचा मुलगा, वडील जन्मानंतर लगेच वारलेले, आईने मुंबईत शिवणकाम करून वाढवलेला. त्याच्या घरात पोलीस चित्रं उलटीपालटी करून बघताहेत, हे डोळ्यांपुढे आणलं की त्यांच्या निघून जाण्याचा अर्थ लागतो. ते वर्षच तसं होतं. दारूबंदीचा मुंबईचा कायदा याच १९४९चा. नव्या सरकारला नवा समाज शुद्ध हवा होता आणि शुद्धतेची जबाबदारी पोलिसांकडे होती. मर्ढेकरांवर कवितेतल्या अश्लीलतेसाठी खटला झाला तोही याच काळात, याच सरकारकडून. मराठी साहित्याच्या इतिहासात आपण तो खटला आवर्जून सांगतो. त्याच गावात, त्याच सुमाराला एका चित्रकारावरही तेच आलं होतं, हे मात्र आपण त्याच्या शेजारी ठेवून वाचत नाही. ठेवायला हवं. शब्दांवर आणि रंगांवर एकाच नजरेचा पहारा होता.

रझांच्या जाण्याचं कारण वेगळं. मध्य प्रदेशातल्या मंडल्याच्या जंगलात वाढलेले, नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले, मुंबईत छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या एका कंपनीत डिझायनरचं काम करत रात्री चित्रं काढणारे. पावसातलं फ्लोरा फाउंटन त्यांनी जलरंगात काढलं आहे. ओल्या रस्त्यावर उतरलेला उजेड, छत्र्यांचे काळे ठिपके. मुंबईचा पाऊस इतक्या आपुलकीने फार थोड्यांनी काढला असेल. फाळणीनंतर त्यांची भावंडं पाकिस्तानात गेली, रझा इथेच राहिले. १९४८मध्ये ते काश्मीरला गेले असताना फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँ भेटले. त्यांनी चित्रं पाहून सांगितलं की तुमच्याकडे गुण आहे, पण रचना कमी पडते, चित्र इमारतीसारखं बांधावं लागतं, सेझान पाहा. रझांनी ते मनावर घेतलं, फ्रेंच शिकायला लागले, फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवली. जाण्याआधी इतकी तयारी करणारा माणूस पळून जात नसतो. त्याला पुढचं शिकायचं असतं, आणि तेव्हा ते इथे मिळत नव्हतं.

हुसेन मुंबईत राहिले, पण ते एका जागी राहणारे नव्हतेच. पंढरपूरला जन्मलेला, सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरलेला माणूस. १९४८मध्ये सूझांबरोबर दिल्लीला जाऊन त्यांनी भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन पाहिलं. मथुरेची शिल्पं, जम्मूकडच्या बसोलीची लघुचित्रं. मथुरेच्या मूर्तींचा बांधा आणि बसोलीचे भडक सपाट रंग त्यांच्या चित्रांत तेव्हा जे शिरले ते कायमचे. त्यांच्याविषयी इतकं लिहिलं गेलं आहे की इथे एवढंच पुरे.

आरांकडे परत येते.

त्यांचं काम जवळून पाहिल्याशिवाय हे सगळं व्यर्थ आहे. आरा आपले ओळखले जातात ते फुलांसाठी. मातीचं नाहीतर काचेचं भांडं, त्यात फुलं, खाली टेबल. विषय इतका साधा की दिवाणखान्यात लावायचं चित्र म्हणून पुढे सरकावं. मी एका प्रदर्शनात अशा एका चित्राच्या पुढ्यात बराच वेळ उभी होते. आधी लक्षात येतं ते टेबल. त्याचा पृष्ठभाग बघणाऱ्याकडे कलंडला आहे, भांडं कुठल्याही क्षणी आपल्या अंगावर घसरेल असा. भांड्याचं पोट एका जाड, काळपट रेषेने बांधलेलं, आणि ती रेष एका झटक्यात गेलेली. डाव्या अंगाला ती थोडी चुकली आहे, तिथे रंगाने तिला आत घेतलं आहे, खोडलेली नाही. फुलं भांड्याच्या मानाने मोठी. एका पांढऱ्या पाकळीच्या टोकाशी ब्रश टेकवून उचलला आहे आणि तिथे रंगाचा उंचवटा तसाच वाळला आहे. हे तैलरंग आहेत असं वाटतं. जवळ जाऊन पाहिलं तर कागद आहे आणि रंग पाण्यातले.

जलरंगांची आपल्याकडची परंपरा याच्या बरोबर उलटी. पातळ, पारदर्शक रंग, खालून कागदाचा पांढरेपणा उमलला पाहिजे, एक वॉश टाकला की हात आवरता घ्यायचा. जे. जे.मधून तयार झालेल्या कितीतरी मोठ्या मराठी चित्रकारांनी त्यात अद्भुत काम केलं आहे. आरांनी पाण्याचे रंग घट्ट करून थरावर थर दिले. आणि पुढे तैलरंग हातात घेतले तेव्हा ते इतके पातळ वापरले की तेच जलरंगासारखे दिसावेत. ज्याला माध्यमाचे नियम कुणी सांगितलेच नव्हते त्याने प्रत्येक माध्यमाला स्वतः विचारून पाहिलं. मला असंही वाटतं की लांगहॅमरांकडच्या पुस्तकांतून पाहिलेल्या सेझानचा यात वाटा आहे. छापील पानावर रंगाची जाडी दिसत नाही, ती कल्पनेने ओळखावी लागते. युरोपला जाऊन मूळ चित्रापुढे उभं राहिलेल्या माणसाला ती मोजता येते. न गेलेल्याला ती हाताने शोधावी लागते. आरांच्या कागदावरचा तो उंचवटा मी असा वाचते.

आणि नग्नचित्रं. ज्या शहरात सूझांच्या घराची झडती झाली त्याच शहरात राहून आरांनी पुढे स्त्रीची नग्नचित्रं सातत्याने काढली, साठच्या दशकात तर त्यांची एक मालिकाच केली. स्वतंत्र भारतात हा विषय इतका चिकाटीने हाताळणाऱ्या पहिल्या काही चित्रकारांत ते होते. बसलेल्या, पाठमोऱ्या, जड मांड्यांच्या बायका, फुलांच्या भांड्याइतक्याच भक्कम. त्यांत कुणाला डिवचण्याचा सूर नाही. सूझांची रेष वार करते, आरांची धरून ठेवते. मला दोन्ही हवे आहेत, पण घरात रोज बघायला कुणाचं चित्र आवडेल म्हणाल तर आरांचं.

राहिलेल्यांत गाडेही होते, आणि त्यांच्याविषयी मराठीत इतकं कमी बोललं जातं याचा मला राग येतो. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगावचे हे गृहस्थ विज्ञानाचे पदवीधर, पेशाने शिक्षक. चित्रकला नागपूरला शिकले, रझांची ओळख त्या मुलखातलीच. ग्रुपचे खजिनदार तेच. त्यांची निसर्गचित्रं पाहिली तर विज्ञान कुठे गेलं ते कळतं. घरांचे चौकोन, छपरांचे त्रिकोण, डोंगराची तिरकी रेघ, आणि या सगळ्या भूमितीत तापलेले तांबडे-पिवळे रंग. वैदर्भीय उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता बाहेर पडलेल्या माणसाला ते रंग कुठून आले हे सांगावं लागत नाही. गाडे २००१मध्ये गेले, अर्ध्या शतकाहून जास्त काळ काम करून. बाकरे मात्र गेले आणि परत आले. इंग्लंडमध्ये दोन तपं काढून १९७५च्या सुमारास त्यांनी दापोली तालुक्यातलं मुरूड गाठलं आणि २००७मध्ये तिथेच देह ठेवला. कोकणच्या त्या किनाऱ्यावर पर्यटक झुंडीने जातात. भारतीय आधुनिक शिल्पाच्या सुरुवातीच्या शिलेदारांपैकी एक तिथे राहत होता, हे गावाबाहेर किती जणांना ठाऊक होतं?

ग्रुप पुढे काही वर्षं चालला. कृष्ण खन्ना आले, बँकेतली नोकरी सांभाळून चित्रं काढणारे. नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे आले, मोहन सामंत आले. १९५३च्या प्रदर्शनात कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये यांची चित्रं होती, ग्रुपबरोबर मांडणाऱ्या त्या एकट्या स्त्री. पुढे भानू अथय्या म्हणून वेशभूषेसाठी भारताचं पहिलं ऑस्कर त्यांनी आणलं तेव्हा त्यांचं चित्रकार असणं मागे पडलं. १९५६मध्ये ग्रुप औपचारिकरीत्या संपला.

या सगळ्यांची चित्रं लोकांपर्यंत पोचली ती केवळ प्रदर्शनांतून नव्हे. केकू गांधींचा चेमोल्ड फ्रेम्स हा चौकटी बनवण्याचा धंदा होता, प्रिन्सेस स्ट्रीटवर दुकान. चौकट दाखवायची तर आत काहीतरी हवं, म्हणून त्यांनी दुकानाच्या काचेमागे आरा, हुसेन यांची चित्रं लावली. रस्त्याने जाणाऱ्या माणसाने, कुठलंही तिकीट न काढता, आधुनिक चित्र पाहिलं ते तिथे. होमी भाभांनी आपल्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चच्या भिंतींसाठी याच मंडळींची चित्रं विकत घ्यायला सुरुवात केली. अणुविज्ञानाच्या संस्थेत आरा आणि गाडे यांची चित्रं टांगली गेली. चौकटवाला, औषधवाला, शास्त्रज्ञ. यांनी पैसे मोजले म्हणून राहिलेल्यांना राहता आलं. चित्रकलेच्या इतिहासात ही माणसं तळटिपेत जातात. माझ्या मते १९४९ टिकलं ते त्यांच्यामुळे.

मार्च २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हुसेन यांचं १९५४ सालचं ‘ग्राम यात्रा’ ११८ कोटी रुपयांच्या घरात गेलं. बातमी सगळीकडे आली आणि आनंदही झाला. सूझा, रझा, गायतोंडे यांचे आकडेही आता कोटींच्या भाषेत बोलले जातात. आरा आणि गाडे त्या यादीत फार खाली आहेत. बाजाराला प्रवास आवडतो: लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क, प्रत्येक गावात एक गॅलरी, एक समीक्षक, एक पावती. एका शहरात पन्नास वर्षं राहून फुलं, भांडी आणि बायका काढणाऱ्या माणसामागे तशी कागदपत्रं साठत नाहीत. पण म्हणून त्याचं चित्र लहान होत नाही. सूझांच्या क्रूसावरच्या येशूपुढे मी हादरते, रझांच्या बिंदूपुढे शांत होते, आणि तरी आरांच्या त्या कलंडलेल्या टेबलापुढे जितका वेळ जातो तितका दुसरीकडे जात नाही. तिथे चित्र कसं घडलं ते पायरीपायरीने उघडं आहे. कुणीही, अगदी चित्रकला न शिकलेल्या माणसानेही, जवळ जाऊन ते वाचावं.

आरा १९८५मध्ये मुंबईतच वारले. नाव झाल्यावरही राहणी फारशी बदलली नव्हती. हातात पैसे आले की कुणा ना कुणा धडपडणाऱ्या पोराला द्यायचे, कुणाचं चित्र विकलं जावं म्हणून खटपट करायची, हा त्यांचा लौकिक. रॅम्पार्ट रोवरच्या आर्टिस्ट्स सेंटरचे ते सचिव होते. ज्याचं मिरवणुकीचं चित्र परत आलं होतं तो माणूस नवख्या चित्रकारांना भिंत मिळवून देण्याच्या कामात इतकी वर्षं राहिला. ग्रुपमधल्या एकट्यानेच, असं म्हणेन, १९४९ पुढे चालू ठेवलं. जाणाऱ्यांची चरित्रं झाली, पत्रं छापली गेली, मोठाले ग्रंथ आले. मराठीत आरा आणि गाडे यांच्यावर तसं भरीव, चित्रांसकट, जाणकार माणसाने लिहिलेलं काम व्हायला हवं. ज्यांनी त्यांना पाहिलं, त्यांच्याकडून चार गोष्टी शिकल्या, अशी माणसं अजून या शहरात आहेत. त्यांच्या आठवणी नोंदवायच्या असतील तर त्या आताच नोंदवायला हव्यात.